न्हाणीघरातील सायकल

आमच्या घराच्या परसात एक जुने न्हाणीघर आहे. ६ फूट रुंद, ८ फूट लांब, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी आणि भिंतीवर बंबाच्या धुराचा काळा पट्टा, जो दोनदा चुना देऊनही पुन्हा वर येतो. घरात गिझर आल्यावर त्या खोलीत अडगळ साठली. चार वर्षांपूर्वी ती माळ्यावर चढवून मी तिथे सायकलच्या फ्रेम बनवू लागलो. आतापर्यंत पाच झाल्या आहेत. हा काही धंदा नव्हे. धंदा म्हणून पाहिले तर चार वर्षांत पाच हा आकडा कोणालाही सांगण्यासारखा नाही.

हे ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर निळी ज्योत, काळा चश्मा आणि उडणाऱ्या ठिणग्या येतात. प्रत्यक्षात एका जोडासाठी ज्योत जेमतेम दहा मिनिटे पेटते आणि त्याआधी कानस कित्येक तास चालते. एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला भिडवायची, तर पहिलीचे टोक सपाट कापून भागत नाही. ते माशाच्या उघड्या तोंडासारखे दोन्ही बाजूंनी खोलगट कोरावे लागते, आणि नळ्या काटकोनात नसून तिरप्या भेटत असल्याने तो खोलगटपणा दोन्हीकडे सारखा नसतो. त्याचा आकार कागदावर काढून तो कागद नळीभोवती गुंडाळायचा, रेघेपर्यंत करवत चालवायची आणि मग बोहरी आळीतून आणलेली अर्धगोल कानस घेऊन बसायचे. चार हात मारायचे, नळी जोडावर धरून बघायची, पुन्हा चार हात मारायचे. दोन्ही नळ्या एकत्र धरून खिडकीकडे वळवल्या की फट सांगते अजून किती काम उरले आहे. केसाएवढा उजेड दिसला तरी मी थांबत नाही. त्या फटीत पितळ भरून वेळ मारून नेता येते आणि वरून रंग चढला की ते कोणालाही कळत नाही, पण पाचापैकी दोन फ्रेमच्या बाबतीत मला ते कळते आणि त्या समोर आल्या की मी दुसरीकडे पाहतो.

या नळ्या म्हणजे साधे पाइप नव्हेत. बर्मिंगहॅममधील रेनॉल्ड्स हे मूळचे खिळे बनवणारे घराणे, आणि त्यांनी १८९७मध्ये ज्या नळीचे पेटंट घेतले तिची युक्ती अशी की बाहेरून ती सगळीकडे सारखीच दिसते, परंतु आतून टोकांशी जाड आणि मधे पातळ असते. सायकलवर येणारा ताण आणि जोडताना लागणारी आच, दोन्ही टोकांनाच सोसावी लागतात. मधल्या भागाने विनाकारण वजन का वाहावे? माझ्याकडच्या नळ्या टोकाला ०.९ मिलिमीटर जाड आहेत आणि मधे अवघ्या ०.६. त्यामुळे कापताना दोन्ही टोकांचा हिशेब ठेवावा लागतो. सगळी कापाकाप एकाच बाजूने केली, तर पातळ भाग नेमका जोडावर येऊन बसतो. लहान फ्रेम करताना हा धोका अधिक, आणि पाचवी फ्रेम लहानच करायची होती, कारण ती ताईसाठी होती.

ताईची उंची ४ फूट ११ इंच. वडिलांच्या २४ इंची सायकलच्या दांडीखालून पाय घालून ती सायकल शिकली आणि पुढे तिने जन्मभर जी मिळेल ती सायकल चालवली. कधी सीट पार खाली आणलेली, कधी हँडल कोणाच्या तरी लांब हातांसाठी ठेवलेले. निवृत्तीनंतर तिला स्वतःच्या मापाची सायकल हवीशी वाटली. माप घेण्याची रीत अशी की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, दोन पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचे पुस्तक वरपर्यंत ओढून धरायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. ताईने मला खोलीबाहेर घालवून हे माप स्वतःच घेतले आणि दाराआडून सांगितले, ‘अडुसष्ट.’ या मापाला ०.८८३ने गुणले की बीबीच्या, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या नळकांड्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, असा सायकलवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. तो अंतिम शब्द नव्हे, पण सुरुवात म्हणून चांगला आहे. ताईसाठी ती उंची बरोबर ६० सेंटिमीटर आली.

खरी अडचण पुढच्या चाकाची होती. हल्लीच्या बहुतेक मोठ्या चाकांच्या रिमचा, टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो. फ्रेम आखूड केली की हे चाक पायडलच्या इतके जवळ येते की हळू वेगात वळताना चपलेचे टोक टायरला लागते. उंच माणसाला ही भानगड ठाऊकही नसते. लहान फ्रेमलाही तेच चाक लावायचे म्हणून कारखाने कोन इकडेतिकडे करून वेळ निभावतात आणि त्याची किंमत चालवणाऱ्याच्या मानेला व गुडघ्यांना मोजावी लागते. मी सरळ २६ इंची, म्हणजे रिमपाशी ५५९ मिलिमीटरचे चाक धरले. त्रिज्येतच ३ सेंटिमीटरहून अधिक जागा सुटली. कागदावर हे सुचायला दोन रविवार गेले.

आगीचे काम मी कसबा पेठेतल्या तांबट आळीत, एका वयस्कर कारागिरांच्या शेजारी बसून पाहत पाहत शिकलो. त्यांनी मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवले, ‘जोड तापव, पितळ तापवू नकोस.’ पितळ वितळते सुमारे ९०० अंशांना आणि पोलाद जवळपास १५०० अंशांना, म्हणून झाळण्यात नळी स्वतः वितळत नाही. जोडावर लावलेला टाकणखार आधी पांढरा फुगतो, मग बसतो आणि काचेसारखा पारदर्शक होतो. तेवढ्यात सळई टेकवली की पितळ आच असेल तिकडे धावते आणि जोडाच्या आत शिरते. ज्योतीसाठी लागणारा प्राणवायू मी २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत काकांसाठी घेतलेल्या कॉन्सन्ट्रेटरमधून घेतो. काका ठणठणीत बरे झाले. आता यंत्राची घरघर ऐकू आली की ते खिडकीतून विचारतात, ‘आज कोण ॲडमिट?’

पहिल्या फ्रेमची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पायडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यात बसतो, ते बीबी शेल सहसा ६८ मिलिमीटर रुंदीचे असते. बीएसए नावाच्या आट्यांच्या पद्धतीत त्याच्या डाव्या बाजूचे आटे सरळ असतात आणि चेनच्या, म्हणजे उजव्या बाजूचे उलटे. ही कोणाची लहर नव्हे: पायडल मारताना छऱ्यांच्या फिरण्याने त्यांना धरणाऱ्या, शेलमध्ये आट्यांनी बसणाऱ्या वाटीला हळूहळू उलट दिशेने सरकण्याची ओढ लागते आणि सरळ आट्यांची वाटी उजवीकडे असली तर ती आपोआप सैल होते. हे सगळे मला पाठ होते. तरीही तीन महिने कानस चालवून, चार नळ्या त्या शेलमध्ये सुंदर झाळून, खार गरम पाण्यात विरघळवून मी समाधानाने उजवी वाटी बसवायला घेतली, तेव्हा ती आत जाईना. डाव्या बाजूला लावून पाहिली तर सुरसुर आत गेली. शेल उलटे बसले होते. मोरीच्या कठड्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. चार जोड सोडवणे म्हणजे नळ्या गमावणे, म्हणून वाट्यांची अदलाबदल करून ती सायकल मी स्वतःलाच ठेवली. दोन-तीन आठवड्यांनी खालून कटकट ऐकू येऊ लागते, मग पाना घेऊन वाटी आवळतो. दुसऱ्या फ्रेमपासून मी शेलवर खडूने ‘उजवी’ असे लिहून ठेवतो.

ताईची फ्रेम झाली तेव्हा ती सरळ आहे का हे पाहायला, मागचे चाक ज्यात बसते त्या चिमट्यांपैकी डाव्या चिमट्याला पतंगाचा दोरा बांधून तो पुढच्या नळीभोवतून उजव्या चिमट्याला आणला आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजले. दीड मिलिमीटरचा फरक निघाला. मागचा चिमटा हातांनी थंडच ओढून तो फरक अर्ध्यावर आणला आणि तिथेच थांबलो. मग आमसुली रंग, बाहेरच्या भट्टीत भाजलेला, आणि आठ दिवसांनी जोडणी.

ताई पहिल्या दिवशी मंडईपर्यंत जाऊन आली. सीट, हँडल, वळण यांपैकी कशाबद्दलही ती बोलली नाही, हे मी शुभ लक्षण मानले. दाराशी उतरून भाजीची पिशवी हातात घेऊनच तिने विचारले, ‘पिशवी अडकवायला पुढे एक हूक नाही का लावता येणार?’ मी म्हणालो की हूक झाळायचा तर आता सगळा रंग जळेल, आधी सांगायला हवे होते. ‘अरे, तू माझे पाय मोजलेस,’ ती म्हणाली, ‘पिशवीचे कुठे विचारलेस?’ आणि तिने पिशवी हँडलला अडकवली, जिथे ती गेली पन्नास वर्षे प्रत्येक सायकलवर अडकवत आली आहे.