राकिउराची तयारी

स्टुअर्ट बेटावर आम्हा तिघांचं हरणांच्या शिकारीला जायचं यंदा नक्की झालं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्याही खाली, फोवो सामुद्रधुनीपलीकडे; माओरी नाव राकिउरा. ब्लफ बंदराहून बेटावरच्या ओबान गावापर्यंत फेरीने तासभर लागतो. आमचा शिकारीचा ब्लॉक, म्हणजे आमच्या टोळीला शिकारीसाठी मिळालेला भाग, मात्र त्याहून लांब, आणि तिथवर रस्ता नाही. वॉटर टॅक्सी सामानासकट किनाऱ्यावर उतरवून जाते.

परतीच्या दिवशी वारा चढला तर बोट येत नाही. म्हणून शिधा तीन दिवसांचा जास्त घेतोय. मेहुण्याला हे ओझं वाटतं, पण इथे मी ऐकणार नाही. बेटावर उंदीर फार, तेव्हा सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत जाईल. तंबूवर ताणायला मोठी ताडपत्री, कारण पाऊस धरूनच चालायचं. कोरडे लोकरी मोजे वेगळ्या पिशवीत, ते फक्त झोपताना घालायचे. मोबाईलच्या भरवशावर राहायचं नाही, म्हणून लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारं यंत्र, माझ्या जॅकेटच्या खिशात. तंबूत ठेवलेला बीकन पाय मोडलेल्या माणसाच्या काय कामाचा?

बेटावरची ही पांढऱ्या शेपटीची हरणं 1905 साली अमेरिकेतून आणून सोडलेली. न्यूझीलंडमध्ये ती दोनच ठिकाणी आहेत, इथे आणि वाकाटिपू सरोवराच्या वरच्या अंगाला. या देशात मुळात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे इथल्या झाडांना चरणाऱ्या तोंडांची सवय नाही. जंगलात कोवळी रोपं खाल्ली जातात. शिकारीला परवाना मिळतो आणि मलाही ती मनापासून योग्य वाटते, त्यामागे हे एक कारण आहे. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेलं समुद्री शेवाळ खायला हरणं वाळूवरही उतरतात. तेव्हा पहाटे आधी किनारा बघायचा, वारा तोंडावर घेऊन. यांच्या नाकाला वास लागला की संपलं.

पण माझी खरी तयारी वेगळीच चालू आहे. झाडी इतकी दाट की जनावर दिसतं ते बऱ्याचदा पन्नास मीटरच्या आत, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी: एक कान, पाठीची रेघ, हललेलं पान. अशा वेळी मन उरलेलं हरीण स्वतःच पूर्ण करतं. ब्लॉक आपल्या टोळीलाच मिळालेला असतो खरा, पण टोळीतली माणसं आपलीच असतात ना. या बेटावर किवी पक्षीसुद्धा दिवसा फिरताना दिसतो. म्हणून नियम एकच: डोकं, मान, खांदा सलग दिसल्याशिवाय आणि मागे काय आहे ते कळल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाणार नाही. शोधायचं दुर्बिणीने, रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीतून, म्हणजे स्कोपमधून, कधीच नाही; स्कोप वळवला की रायफलची नळीही तिकडे वळते. अंगावर तिघांच्याही भडक नारंगी. सकाळी कोण कुठल्या ओढ्याच्या बाजूला जाणार ते ठरवूनच निघायचं, आणि मधेच बेत बदलायचा नाही. मेहुण्याकडून हे मी रोज फोनवर वदवून घेतोय. तो वैतागतो, वैतागू दे.

मांसासाठी सुती पिशव्या शिवून झाल्या. गरम मांस प्लास्टिकमध्ये कोंडलं की बिघडतं. कापडात हवा खेळते, माशाही बसत नाहीत. हाडं काढून सावलीत टांगायचं. जेवढं मांस किनाऱ्यापर्यंत वाहून आणता येईल तेवढीच शिकार, हेही ठरलंय.

आता राहिलं रायफलचं झिरोइंग, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं. या रविवारी रेंजवर जातोय, ज्या गोळ्या बेटावर नेणार त्याच घेऊन.