पाणी न घालण्याचे शिक्षण

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आमच्या परसात या एप्रिलमध्ये प्रवाळरंगी फुलांचा एक तुरा उभा राहिला आहे. तुरा म्हणायचे ते सवयीने. माझ्या डोक्याच्या वर हातभर गेलेला आणि अंगभर चिमुकल्या फुलांनी खचाखच भरलेला तो खांबच आहे. जवळून पाहिले की बाजूच्या एकेका डहाळीचे टोक भुरुंडीच्या तुऱ्यासारखे आत वळलेले दिसते. झाडाचे नाव एकियम विल्डप्रेटी, मूळ ठिकाण कॅनरी बेटांतले तेनेरिफ. तिथल्या तैदे या ३,७१५ मीटर उंच ज्वालामुखीच्या परिसरात ते आपोआप उगवते, ३ मीटरपर्यंत वाढते, आणि लोक त्याला ताहिनास्ते म्हणतात.

याआधीचे झाड मी मारले, आणि तेही मायेने. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या चिपळुणात वाढलेल्या माणसाला, उन्हाळा आला की झाडांना पाणी घालायचे, हे कुणी शिकवावे लागत नाही; त्यामुळे जुलैच्या उन्हात माना टाकलेली पाने पाहून मी रोज संध्याकाळी झारी घेऊन जात राहिलो, आणि तीन आठवड्यांत रुपेरी लवेने मढलेला तो पानांचा गड्डा बुडाशी काळा पडून सबंध हातात आला.

इथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात, जेमतेम ४०० मिलिमीटर. भूमध्य समुद्राचा काठ, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा यांचीही तऱ्हा अशीच उलटी असल्यामुळे आपल्याकडची मृगाची घाई इथे दसऱ्याच्या आगेमागे करायची असते. उन्हाळ्यात ही झाडे मुकाट पडून राहतात. तापल्या मातीत तेव्हा ओल साचली की मुळे कुजतात. पानांवरची ती लव ऊन परतवते आणि ओलावा धरते. उघड्या हाताने चाचपल्यास खाजही सुटते, पण खाजकुयली पाहिलेल्याने त्याची तक्रार करू नये.

पहिले वर्षभर नुसती पाने, मग हा खांब, आणि फुलून झाले की झाड संपते. केळही एकदाच विते, पण तिच्या बुडाशी मुनवे तरी असतात. याच्यामागे उरते ते फक्त बी. फुले आता फिकी पडत चालली आहेत, तरी हमिंगबर्डची फेरी चुकत नाही. वाळलेला दांडा बी झडेपर्यंत मी काढणार नाही. झारी गॅरेजमध्ये सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आहे.