फेब्रुवारीतलं पक्षीनिरीक्षण: कळंब्याचं धुकं आणि त्याहून वाईट गाळ

"सहाला पोचा, उजाडताना बदकं काठाला असतात" हा निरोप दर हिवाळ्यात फिरतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या कळंबा तलावासाठी तो साफ चुकीचा आहे. सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की पाण्यावर धुकं बसतं आणि साडेआठपर्यंत समोरचा काठही दिसत नाही. या वेळी तोवरची सगळी नोंद कानांवर झाली: वारकरी (कूट) या पाणपक्ष्यांचं खरखरीत ओरडणं आणि टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याची किणकिण. दुर्बिणीला काहीच काम नव्हतं.

म्हणून क्रम उलटा करा. पहाटे शहरातला रंकाळा तलाव, कारण तिथले पक्षी काठापासून हाकेच्या अंतरावर असतात आणि धुक्याने फारसं बिघडत नाही. टॉवरच्या बाजूने उभं राहा, म्हणजे ऊन पाठीवर येतं. केंदाळ काढलेलं नसेल तर त्यावर जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, वंचक आरामात दिसतात. बदकांसाठी रंकाळ्यावर थांबू नका, तास पुरे. राजाराम तलाव जमला तर दुपारनंतर, चालायला सोपा आहे.

कळंब्याला साडेआठ ते अकरा. अकरानंतर वाळत्या गाळावरची हवा थरथरायला लागते, चाळीसपट मोठं केलं तरी नुसता लोळ दिसतो. तेव्हा स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण) वीसपटीवर आणा आणि जवळचेच पक्षी पाहा.

आता गाळाचं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या पट्ट्यात छोटे टिलवे, कंठेरी चिखल्या, ठिपकेदार तुतवार, शेकाटे उतरतात आणि त्यांच्या मागे माणूस पुढे पुढे सरकतो. ओढे तलावात उतरतात तिथला पट्टा सर्वांत वाईट, कारण वाहून आलेली माती तिथेच बसते. वरून वाळलेला दिसतो, पण साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा असतो आणि खाली नुसती रबडी. ढेकळांच्या कडा वर वळलेल्या आणि भेगा बोटभर रुंद असतील तर भार घेतो. भेगा केसासारख्या आणि माती चकचकीत असेल तर एक पाऊलही नको. म्हशींच्या खुरांचे ठसे बघा: ठसा कोरडा आणि उथळ असेल तर पुढे जा, ठशात पाणी साचलं असेल तर तिथूनच परत फिरा. हातात काठी हवीच, टेकायला नव्हे, टोचून बघायला.

गमबूट घालून जाऊ नका, गाळ बूट धरून ठेवतो आणि पाय मोकळा वर येतो. घट्ट लेस बांधलेले जुने कॅनव्हास बूट बरे. रुतलात तर पाय सरळ वर ओढू नका. ओढला की तळव्याखाली पोकळी होते, तीच पाय खेचून धरते आणि दुसरा पाय आत जातो. मागे बसकण मारा, भार पसरवा, घोटा गोल फिरवत पाणी आत शिरू द्या, मग पाय सुटतो. सोबत कोणी नसेल तर या पट्ट्यात शिरूच नका. ट्रायपॉडच्या पायांखाली चपटे दगड ठेवा, नाहीतर एकच पाय हळूहळू खचतो आणि चित्र सारखं सरकतं.

खरं तर पुढे जायची गरजच नसते. घट्ट काठावर, बेशरमाच्या झुडपाआड खाली बसून राहा. अर्ध्या तासात गाळावरचे पक्षी स्वतःच जवळ येतात, उभ्या माणसाजवळ येत नाहीत.

आणि बदकं! याच दिवसांत ती खरी ओळखता येतात. ऑक्टोबरात नरही मादीसारखे मळकट असतात, आता भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई लांबूनही चमकते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी तलावावरून फिरला की वारकरी एकत्र गोळा होतात आणि बदकं उठतात, त्या क्षणी चोची सोडून पंख बघा. थापट्या बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग फिका निळा, भुवईचा राखाडी-निळा, तलवार बदकाला असा फिका पट्टा नसतो. उडालेला थवा पुन्हा उतरतो, तो दुसऱ्यांदा मोजू नका. आठ-बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण या कामाला दहा-बेचाळीसपेक्षा बरी, हात कमी हलतो. पिवळ्या धोबी पक्ष्यांच्या डोक्यांकडेही लक्ष द्या, रंग भरायला लागलेले असतात. मार्चच्या मध्यानंतर बदकं झपाट्याने कमी होतात, तेव्हा लांबणीवर टाकू नका.

रिक्षाने जाणार असाल तर जाण्यायेण्याचं भाडं आणि थांबण्याचे पैसे वेगवेगळे ठरवून घ्या, तेही बसण्याआधी. या वेळी परतीला जाण्याच्या दुप्पट मागितले, कारण तलावाच्या काठाला सकाळी दुसरी रिक्षा सापडत नाही आणि हे चालकाला माहीत असतं. दुचाकी असेल तर ती न्या, पण उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे धुक्यात जाऊ नका. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि ऊस बाहेर लोंबत असतो.