ठेक्यातली मोकळी जागा

औंढ्या नागनाथाच्या देवळात नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. त्याची गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. नामदेव महाराज दारात कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी तेवढा राहिला जागच्या जागी. दादा ही गोष्ट सांगायचा तेव्हा शेवटी हमखास स्वतःचं एक वाक्य जोडायचा. "नामदेव मागं गेले तवा पखवाजीबी संगं गेला असंल की. त्याचं नाव कुणी लिहिलं न्हाई."

दादा पखवाज वाजवायचा. वसमत तालुक्यातलं आमचं गाव, घरची हळद, आणि गावच्या भजनी मंडळात त्याचा हात. मी त्याच्याहून सात वर्षांनी लहान. तो वाजवायचा, मी गायचे. पोळ्याच्या आठवड्यात तो गेला आणि त्यानंतर मी गायले नाही. ठरवून नाही, तोंडच उघडेना. माहेरी जाणं मात्र टाळता येत नव्हतं, म्हणून यंदा फाल्गुनात निघाले. थेट घरी जायचा धीर नव्हता. दादा आणि मी वर्षानुवर्षं बोलत राहिलो आणि कधी एकत्र गेलो नाही, तो रस्ता आधी धरला. नांदेड, औंढा, नर्सी, मग घर.

पुणे-नांदेडचा प्रवास झोपेत गेला. पहाटे हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेले. दर्शनापेक्षा कीर्तन ऐकायला गेले होते, हे सांगायला हवं. श्री गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. दादाला हा आकडा तोंडपाठ होता आणि तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, जणू ती आमच्याच घरातून गेली आहेत. थंडगार संगमरवरावर मांडी घालून मी तासभर बसले. पेटी, तबला आणि रागींचे, म्हणजे तिथल्या कीर्तन गाणाऱ्यांचे, मोकळे आवाज. एका पदाच्या शेवटी नामदेवांचं नाव आलं आणि माझ्या शेजारच्या पंजाबी बाईंनी डोळे मिटून हात जोडले. पंजाबातून त्या नांदेडला येतात आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाचं पद ऐकून हात जोडतात. दादा असता तर त्याने मला कोपराने ढोसलं असतं. शिखांकडच्या जुन्या जोडीच्या, म्हणजे तबल्यासारख्या वाद्याच्या, डाव्या नगालाही पखवाजासारखं ओलं पीठ लावतात, हेही त्यानेच कुठून तरी ऐकून मला सांगितलं होतं. लंगरमध्ये जेवले. इतक्या गर्दीत इतक्या शांतपणे, कुणाला न विचारता, कुणाला न ओरडता जेवू घालणं मला दुसरीकडे फार कमी ठिकाणी दिसलंय.

नांदेडहून औंढा एसटीने, बाईमाणूस म्हणून अर्ध्या तिकिटात. माझ्या बाजूला एक म्हातारी परभणीच्या लेकीकडे चाललेली. "पयले लेकाला तिकिटाचे पैसे मागावे लागायचे, आता न्हाई मागत," एवढंच म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

औंढ्यात मन विटलं. देऊळ फार सुंदर आहे, बाहेरच्या भिंतीवरचं यादवकालीन कोरीवकाम बघत दिवस काढावा असं. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्या उतरून वाकून जावं लागतं, आणि त्या अंधाऱ्या थंडाव्यात क्षणभर खरंच सगळं थांबतं. पण वर आल्यावर बाहेरच्या दुकानांचे कर्णे. प्रत्येक दुकानात वेगळं गाणं, सगळी सिनेमाच्या चालीवरची, आणि खाली तो यंत्राचा धाड-धाड ठोका. पखवाजाच्या धुमेचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, आवाज जमिनीतून वर येतो, तो छातीत ऐकू येतो. यंत्राला तो काढता येत नाही आणि ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांना फरकही कळत नाही. मला त्या दुकानदारांचा राग आला नाही, त्या आवाजाचा आला. ज्या देवळाची सगळी गोष्टच एका माणसाच्या गाण्याची आहे, तिथे कान झाकून उभं राहावं लागतं. मागे नंदीपाशी जाऊन बसायचं ठरवलं होतं, तिथे फोटोंची रांग होती. पाच मिनिटांत निघाले.

हिंगोलीत मुक्काम, सकाळचा सगळा वेळ झोपेत. दुपारनंतर नर्सी.

नर्सी म्हणजे नामदेवांचं जन्मगाव. १२७० चा त्यांचा जन्म. गाव कयाधू नदीच्या काठी आहे. आषाढी करून वारकरी परततात तेव्हा वद्य एकादशीला इथे परतवारीची मोठी यात्रा भरते, पाय ठेवायला जागा नसते. दादा चारदोनदा आला होता, मला कधी जमलं नाही. फाल्गुनात मात्र तिथे माणूस नव्हतं. नदीला पाणी बेताचं, घाटावर दोन बाया कपडे धूत होत्या. मी मंडपात खांबाला टेकून बसले. चहाची टपरी बंद होती, तहान लागली होती आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी हरिपाठाला आठ-दहा माणसं जमली. चार म्हातारे, तीन-चार बाया, टाळ घेतलेली दोन शाळकरी पोरं आणि पखवाज घेऊन एक अकरावी-बारावीतला मुलगा. त्याने गवसणी काढली, पखवाज मांडीवर घेतला, हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकत शाईची उजवी बाजू पेटीशी मिळवली. मग डब्यातली कणीक काढली आणि डाव्या तोंडाला थापली. ती सकाळची होती, कडेने भेगा पडलेल्या. दोन थापा मारताच तुकडा सुटून सतरंजीवर पडला.

माझ्या तोंडून गेलं, "पीठ असंल तर द्या, मी मळते."

पखवाजाची कणीक मळणं हे घरातलं माझं काम होतं. पोळीची कणीक वेगळी. ही जास्त वेळ तिंबावी लागते, पाणी थेंबाथेंबाने. सैल झाली तर आवाज बसतो आणि वाजवताना ती पसरते. घट्ट झाली तर चामड्याला धरत नाही. मीठ घालायचं नाही, तेल लावायचं नाही. सप्त्यात रात्रभर भजन चाले तेव्हा वाटीत ओल्या फडक्याखाली दुसरा गोळा तयार ठेवायचा. आई ओरडायची, दळण काय फुकट येतं का म्हणून. दादा हळदीच्या दिवसांत शेतावरून यायचा तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे आणि पखवाजाच्या पांढऱ्या कणकेवर त्याच्या पंजाचा पिवळा ठसा उठायचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. तो त्याच्या आधीच गेला होता. ती बातमी त्याने मला चार वेळा फोन करून सांगितली असती.

पुजाऱ्यांच्या घरून ताटलीत पीठ आलं. मी मळलं. मुलाने गोळा लावला, थाप मारली आणि तो आवाज आला. खोल, गोल, ओला. मुलगा माझ्याकडे बघून हसला. माझे डोळे भरले होते, मी खाली बघत हाताचं पीठ पुसत राहिले.

हरिपाठ झाला. मग एक म्हातारे म्हणाले, "माय, हात बघूनच कळलं तुम्ही भजनातल्या हाव. एक गौळण म्हणा."

नाही म्हणणं सोपं होतं. का म्हणायला लागले ते मला आजही सांगता येत नाही. आमच्या गावात मी कायम म्हणायचे तीच गौळण घेतली. आवाज खरखरीत निघाला, पण निघाला. पहिलं चरण पार पडलं. दुसऱ्या चरणाच्या शेवटी मी नेहमीसारखी थांबले आणि टाळकऱ्यांनी लगेच ध्रुपद उचललं. ते बरोबरच होतं, तशीच रीत आहे. पण मी मागे राहिले. तिसऱ्या चरणाला तेच झालं.

मुलाने हात थांबवला. "ताई, इथं तुमच्याकडं काहीतरी जास्तीचं वाजवीत असतील. तुम्ही वाट बघायलाव त्याची."

मग मी तोंडाने बोल सांगितले. तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा. दादा दुसऱ्या चरणानंतर एक अख्खं आवर्तन स्वतःकडे घ्यायचा, ही तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, टाकून समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, यायचा आणि मग मी ध्रुपद धरायचे. गावचे टाळकरीही तेवढा वेळ थांबायचे. सगळ्यांना वाटायचं, पखवाजवाल्याची हौस आहे, त्याला आपला हात दाखवायचाय. मलाही तेच वाटायचं. एकदा चिडून मी म्हटलंही होतं, माझं गाणं मधेच का तोडतोस? तो नुसता हसला होता.

मुलगा म्हणाला, "पण तिथंच कामून? चाल तर सरळ पुढं चाललीय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर मला त्याच क्षणी कळलं. मला लहानपणी दमा होता. पहिल्यांदा मंडळात गायले तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. कार्तिकातला काकडा, पहाटेची थंडी, मंडपात उदबत्तीचा आणि शेकोटीचा धूर. दोन चरणांच्या वर माझा श्वास पुरत नसे. दादा तेव्हा सोळाचा. दुसऱ्या चरणानंतर मला धाप टाकायला जागा मिळावी म्हणून त्याने ती तिहाई घातली होती. बारा-तेराव्या वर्षी माझा दमा गेला. मी मोठी झाले, लग्न होऊन पुण्याला गेले, दर सप्त्याला येऊन गात राहिले. त्याने ती जागा शेवटपर्यंत तशीच ठेवली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते पोरीला गाता येत नाही, दम पुरत नाही. त्यापेक्षा लोकांनी त्याला हौशी म्हटलेलं त्याला चाललं.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं नाही. "भावाची सवय होती," एवढंच म्हटलं.

"पुन्ना घ्या," तो म्हणाला. पुन्हा घेतली. दुसऱ्या चरणानंतर त्याने तिहाई टाकली. त्याचा हात तरणा, लय जरा चढी, शेवटचा धा दादापेक्षा कितीतरी जोरात. मी श्वास घेतला. गरज नव्हती, तरी पूर्ण आवर्तनभर घेतला आणि समेवर ध्रुपद धरलं. गौळण शेवटपर्यंत म्हटली. बायांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. त्यांतल्या एकीने रात्री झोपायलाही आपल्या घरी नेलं, नाव-गाव नंतर विचारलं. पुण्यात एवढ्या वर्षांत मला असं कुणी घरी नेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. गावात सगळीकडे शिजवलेल्या हळदीचा वास, अंगणाअंगणांत वाळत घातलेली. वहिनीने पखवाज दाखवला. मला आधी कळेना तिने तो गवसणीत घट्ट बांधून वर का ठेवलाय. दादाला भजन संपता संपताच त्रास सुरू झाला होता आणि त्याला तसाच दवाखान्यात नेला. रोज वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, पुडी, म्हणजे तोंडाचं चामडं, पुसायची, हा त्याचा नेम होता. त्या रात्रीची कणीक तशीच राहिली. नंतर कुणाला सुचलं नाही. पिठाच्या वासाने उंदीर लागले आणि डाव्या बाजूचं चामडं कुरतडलं. वहिनीने ते मला बोटाने दाखवलं आणि मग बराच वेळ आम्ही दोघी तिथेच बसलो.

भाचा म्हणत होता, दोन्ही पुड्या बदलून घेऊ, तो शिकणार आहे. वहिनी ऐकेना. उजव्या बाजूची शाई एका जागी झिजलीय, दादाचं बोट पडायचं तिथे. ती बदलायची नाही म्हणाली. मला तिचं पटलं. मी आणि भाचा पखवाज घेऊन नांदेडला एका कारागिराकडे गेलो. त्याने उलटसुलट करून पाहिला, खोड चांगलं आहे म्हणाला, मग समजावून सांगितलं की वादी, म्हणजे ताण देणारी चामड्याची पट्टी, दोन्ही तोंडांना मिळून एकच असते, एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर ताण सारखा बसत नाही, सूर उतरत राहणार, सारखे गठ्ठे ठोकावे लागणार.

"ठोकू," भाचा म्हणाला.

डावी बाजू तेवढी बदलायला सांगून, आगाऊ पैसे देऊन आम्ही निघालो. चैत्रातल्या सप्त्याच्या आधी तो पखवाज आणायला भाचा जाणार आहे, आणि गौळणीला मी आहे असं मंडळाला कळवलंय. तिहाई मी त्याला फोनवर रोज संध्याकाळी म्हणून दाखवते. अजून त्याची शेवटची धा समेच्या आधी पडते.