2 मार्चचा लोंगजिंग

एप्रिलमध्ये आलेल्या चिनी हिरव्या चहाच्या डब्यावर ‘शीहू लोंगजिंग’ असं लिहिलेलं आणि खुडणीची तारीख 2 मार्च. पाणी तापायच्या आधीच ती तारीख खटकली. चीनमधल्या हांगचौच्या पश्चिम सरोवराभोवती (शीहू म्हणजे तेच) लवकर फुटणारं वाण ‘लोंगजिंग 43’. त्याचीही खुडणी साधारण मार्चच्या मध्याला सुरू होते, बियांपासून वाढलेल्या जुन्या झाडांची त्याहून उशिरा. मग 2 तारखेला तिथे खुडलं काय?

तरी रीत सोडली नाही. 3 ग्रॅम पाला, 150 मिली उकळतं पाणी, झाकून 4 मिनिटं; शेजारी आमच्याकडचा खात्रीचा नमुना. कोरडा पाला पांढऱ्या कागदावर पसरला, तेव्हाच फरक दिसला. खात्रीच्या नमुन्यात हिरव्यात पिवळसर झाक आणि रंग थोडा कमीजास्त. डब्यातला पाला एकजात हिरवागार, पान आखूड, कळी फुगीर. चपटेपणावर जाऊ नये, कढईत दाबून कुठलाही पाला चपटा करता येतो, आता तर यंत्रानंही. खात्रीच्या चहाला भाजलेल्या डाळ्यांसारखा खमंगपणा होता, घोट गेल्यावर गोडवा मागे राहत होता. डब्यातल्याचा पहिला घोट बरा, दुसऱ्या पाण्याला मात्र नुसतं हिरवट पाणी.

माझा अंदाज ‘वूनियूझाओ’चा. चीनमधल्याच वेन्चौ शहराकडचं हे चहाचं वाण फेब्रुवारीअखेरपासून फुटतं. नुसत्या चवीवर शपथ घेणार नाही, पण तारीख जोडीला होती.

दुसरीकडचा पाला ‘शीहू’ म्हणून विकण्याचा हा उद्योग परवडतो तो भावामुळे. छिंगमिंग या चिनी सणाच्या आधीच्या, म्हणजे 4-5 एप्रिलपूर्वीच्या खुडणीला सर्वांत चढा भाव. पुढे तो उतरत जातो. किलोभर तयार चहाला चार-पाच किलो कोवळा पाला लागतो, तोही हातानं खुडलेला. ‘शीहू’ नावाला पात्र पट्टा 168 चौरस किलोमीटरचा, त्यातही सगळीकडे मळे नाहीत. च-च्यांग प्रांतातल्या छियानथांग आणि युएचौ भागांतला चहा कायद्यानं ‘लोंगजिंग’ म्हणून विकता येतो, ‘शीहू’ म्हणून नाही. म्हणजे लबाडी लेबलवरच्या एका शब्दाची. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

डब्यावरचं, ‘शीहू’ची खूण म्हणून लावलेलं स्टिकर मात्र अस्सल निघालं, फक्त कोड मागच्या वर्षीचा. ही स्टिकरं शेतकऱ्याला मळ्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे मिळतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाला सुटा चहा विकला की त्याची स्टिकरं उरतात, आणि उरलेल्या स्टिकरांनाही गिऱ्हाईक असतं.

आमच्या खरेदीवाल्यानं विचारलं, “चहा वाईट आहे का?” वाईट नव्हता. ‘शीहू’ शब्द काढा, भाव त्या मानानं लावा, मग घेऊ, असं विक्रेत्याला कळवलं.

आठवड्यानं विक्रेत्याकडून ‘नवा’ नमुना आला. तारीख 28 मार्च, कळी तीच फुगीर.