शेजारधर्माचे प्रशिक्षण

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात 2001 च्या सुमारास जो प्रयोग उभा राहिला, त्याला ‘नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर’ असे भारदस्त इंग्रजी नाव असले तरी त्यातील मागणी अगदी साधी होती. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर, बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा. ज्यांना आपल्याच परिसरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी आठवड्यातून किमान दोन तास देता येतील, त्यांनी पुढे यावे, एवढेच सांगितले गेले. पुढे येणाऱ्यांना लगेच कोणाच्या घरात पाठवले जात नसे. आधी सोळा तासांचे वर्ग आणि त्यानंतर चार वेळा अनुभवी चमूबरोबर प्रत्यक्ष रुग्णांकडे जाणे, असा क्रम ठरलेला होता. आजाऱ्यापुढे काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये, त्याचे म्हणणे मध्ये न तोडता कसे ऐकावे, कूस कशी बदलावी, अशा गोष्टी या वर्गांत येत. ‘धीर धरा, सगळे ठीक होईल’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने उच्चारतो, ते पाहता हे वर्ग आपल्याकडच्या प्रत्येक कुटुंबाला सक्तीचे करावेत, असे मला अनेकदा वाटते.

या प्रयोगाची मुळे कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात होती. तेथे 1993 मध्ये भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल, त्यांचे सहकारी डॉ. सुरेश कुमार आणि काही स्वयंसेवकांनी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ ही धर्मादाय संस्था स्थापन केली. कर्करोग बरा होणार नाही असे सांगून घरी पाठवलेल्या माणसांच्या वेदना शमवणे, हे तिचे काम होते. बाह्यरुग्ण विभाग चालू लागला, रुग्ण वाढले आणि मग एक विसंगती संस्थेच्या लक्षात आली. ज्यांना या सेवेची सर्वाधिक गरज होती, ते अंथरुणातून उठूच शकत नव्हते, मग दूरच्या शहरातील दवाखान्यापर्यंत पोहोचणार कसे? शिवाय जे पोहोचत होते, त्यांच्या अडचणींपैकी औषधाने सुटणाऱ्या अडचणी थोड्या होत्या. कमावता माणूस आजारी पडल्यामुळे घरात तांदूळ नाही, मुलीची शाळा सुटली आहे, शुश्रूषा करणारी बायको कित्येक रात्री झोपलेली नाही, या गोष्टींवर डॉक्टर काय लिहून देणार? त्यामुळे सेवेची सूत्रे रुग्णाच्या गावाकडे सोपवणे हाच मार्ग उरला, आणि मलप्पुरममध्ये तो हेतुपुरस्सर स्वीकारला गेला.

घरभेटीचे स्वरूप मला विशेष महत्त्वाचे वाटते. भाड्याच्या गाडीतून एक परिचारिका आणि एक-दोन स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी घरोघर जातात. परिचारिका शय्याव्रणांचे ड्रेसिंग करते, लघवीची नळी बदलते, औषधांचा हिशेब पाहते आणि हे सारे करता करता घरातल्या माणसाला तेच शिकवतही असते. तोवर स्वयंसेवक घराकडे पाहत असतो. किराणा संपला आहे का, मुले शाळेत जातात का, सरकारी पेन्शनचा अर्ज भरला आहे का, हे विचारण्याचे काम त्याचे. गरजू कुटुंबांना धान्य आणि मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते, तर कंबरेखालचा भाग लुळा पडलेल्या तरुणांना घरबसल्या करता येण्याजोगे काम शिकवले जाते. पैसा मोठ्या देणगीदारांपेक्षा गावातल्या लहान लहान वर्गणीतून अधिक उभा राहिला, आणि त्यामुळेच हिशेब विचारणारी माणसेही गावातलीच असतात. कर्करोगापासून सुरू झालेले हे काम लवकरच पक्षाघात झालेले, कण्याला इजा झालेले आणि केवळ वार्धक्यामुळे उठता न येणारे अशा साऱ्यांपर्यंत पसरले, कारण शेजाऱ्याला मदत करायला निघालेला माणूस रोगाचे नाव पाहून दार ओलांडत नाही.

मात्र केवळ सद्भावनेने वेदना थांबत नाही, त्यासाठी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक औषध, लागते. भारत हा कायदेशीर अफू पिकवणारा देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील शेतकरी परवान्याने खसखशीचे पीक घेतात. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन बाळगण्यासाठी इतके वेगवेगळे परवाने लागू लागले की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. गैरवापर रोखण्यासाठी केलेल्या कायद्याची शिक्षा अशा रीतीने कर्करोगाच्या रुग्णांनी भोगली. 2014 च्या दुरुस्तीने ही गुंतागुंत बरीच सोडवली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. हा बदल घडावा म्हणून डॉ. राजगोपाल यांनी 2003 मध्ये स्थापन केलेल्या ‘पॅलियम इंडिया’ने आणि इतरांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. कागदोपत्री चाललेले असले कंटाळवाणे काम धर्मादाय कार्यात सहसा मोजले जात नाही, पण माझ्या मते ते अग्रक्रमाने मोजले पाहिजे.

आपल्याकडे या कामाची सुरुवात निराळ्या वाटेने झाली. देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या अखेरच्या काळासाठीचे शुश्रूषागृह, मानले जाणारे ‘शांती आवेदना सदन’ 1986 मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले आणि पुढे त्याची शाखा गोव्यात लोटली येथेही निघाली. पुण्यात वारजे येथे 1997 मध्ये सिप्लाचे पन्नास खाटांचे केंद्र उभे राहिले, जेथे कर्करोगाच्या रुग्णाला विनामूल्य ठेवून घेतात आणि सोबत आलेल्या नातेवाइकाला घरी करायची शुश्रूषा शिकवतात. या संस्थांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जखमेला असह्य दुर्गंधी येत असेल, वेदना आटोक्यात येत नसेल किंवा एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तेव्हा अशी खाट हाच आधार असतो. पण खाटा मोजक्या असतात आणि त्यांतील बहुतेक कर्करोगासाठी राखलेल्या असतात. अर्धांगवायूने पाच वर्षे पडून असलेल्या माणसाला तेथे जागा नसते.

आमच्या घरी सासूबाईंचे शेवटचे दिवस असेच अंथरुणात गेले. डॉक्टर चांगले होते, एअर बेड आणला होता, ब्यूरोतून दिवसपाळीला एक मावशी येत असत आणि पैशांची तशी ओढाताण नव्हती. तरीही रात्री दोन वाजता नळी तुंबली तर फोन कोणाला करायचा, हे आम्हाला माहीत नव्हते. भेटायला येणारे लोक मायेने येत, परंतु फळे ठेवून, दहा मिनिटे बसून आणि कोणत्या तरी अन्य डॉक्टरांचे नाव सुचवून निघून जात. त्यांच्यापैकी एखाद्याने ‘मी दोन तास बसते, तुम्ही झोपा’ असे म्हटले असते, तर त्याची किंमत कोणत्याही फळांच्या करंडीपेक्षा अधिक ठरली असती. त्यांना मदत करायची नव्हती असे मुळीच नाही. नेमके काय करायचे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि मागायचे कसे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

केरळचे कौतुक करताना एक गोष्ट वगळली जाते. हे सारे स्वयंसेवकांच्या उत्साहावर टिकलेले नाही. 2008 मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, ग्रामपंचायतींना त्यासाठी खर्च करण्याची वाट मोकळी झाली आणि पंचायत पातळीवर प्रशिक्षित परिचारिकेची घरभेटीची सेवा सुरू झाली. परिचारिकेचा पगार सार्वजनिक पैशातून निघाला, म्हणून वर्गणीचा पैसा तांदूळ आणि शाळेच्या फीसाठी शिल्लक राहिला. याउलट, सेवा सरकारी झाली म्हणजे स्वयंसेवक मागे सरतात आणि उरते ती केवळ नोंदवही भरणारी भेट, अशी चिंता व्यक्त होते. ती मला अनाठायी वाटत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण केरळमध्ये 12.6 टक्के, गोव्यात 11.2 टक्के आणि महाराष्ट्रात 9.9 टक्के होते. म्हणजे केरळ आपल्यापेक्षा फार पुढे नव्हता. मुले परदेशी, आई-वडील गावी, ही स्थिती मलप्पुरमला आखाती नोकऱ्यांमुळे आधी आली आणि पुणे, सातारा, म्हापसा येथे आता सर्रास दिसते. आमच्या गल्लीतील गणेश मंडळाकडे प्रत्येक घराची यादी आहे, वर्गणीचा चोख हिशेब आहे आणि रात्री-अपरात्री धावून येणारी पोरेही आहेत. रक्तदान शिबिर ते दरवर्षी भरवतात. त्यांच्यापुढे सोळा तासांच्या वर्गाचा विषय काढला, तेव्हा अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला की शिकवायला नर्स कोण देणार. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात जाऊन तेथे पॅलिएटिव्ह केअरची परिचारिका नेमलेली आहे का आणि मॉर्फिन ठेवण्याची मान्यता घेतलेली आहे का, या दोन गोष्टींची लेखी विचारणा करायची, असे मंडळाच्या बैठकीत ठरले आहे.