मॉरिशसच्या किनाऱ्यावर घर पाहायला जाताना

मॉरिशसला बहुतेक मराठी माणसे हनिमूनला किंवा सहलीला जातात. आम्ही गेलो ते समुद्रकाठचे व्हिला आणि फ्लॅट पाहायला. आमच्या मेहुण्यांचा तिथे घर घेण्याचा विचार आहे आणि जाहिरातींतल्या चित्रांवर विसंबून एवढी रक्कम गुंतवायची नाही, यावर घरात सर्वांचे एकमत होते. मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते, पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे ड्रायव्हर न घेता स्वतः गाडी भाड्याने घ्यावी. एजंटाच्या गाडीतून फिरलात, तर त्याला दाखवायचे तेवढेच दिसते.

परदेशी माणसाला या बेटावर हवे ते घर विकत घेता येत नाही, ही गोष्ट निघण्यापूर्वीच समजून घ्यावी. सरकारने २००२ मध्ये मोठ्या रिसॉर्ट प्रकल्पांतले आणि २००७ मध्ये लहान प्रकल्पांतले घर विदेशी खरेदीदारांना खुले केले. २०१५ मध्ये या दोन्ही योजनांच्या जागी एकच योजना आली. तिच्यातल्या किंवा स्मार्ट सिटी योजनेतल्या घरासाठी किमान ३,७५,००० अमेरिकी डॉलर मोजले, तर घर आपल्या नावावर असेपर्यंत तिथे राहण्याचा परवानाही मिळतो. या योजनांबाहेर तळमजला अधिक किमान दोन मजले असलेल्या इमारतीतला फ्लॅट ६० लाख मॉरिशियन रुपयांपासून पुढे घेता येतो, पण किंमत वरच्या डॉलरच्या मर्यादेखाली असेल तर राहण्याचा परवाना मिळत नाही. काही विक्रेते फ्लॅट घेता येतो हे मोठ्याने आणि परवाना मिळत नाही हे हळू आवाजात सांगतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न जमिनीचा आहे. भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटरपर्यंतचा पट्टा फ्रेंच राजवटीपासून राखीव मानला जातो; तो बहुतांशी सरकारी मालकीचा असून भाडेपट्ट्यानेच दिला जातो. म्हणजे पायऱ्या उतरताच वाळू लागते, असे घर दिसले की पहिला प्रश्न हाच विचारावा: जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची, आणि भाडेपट्ट्याची असेल तर मुदत किती उरली आहे? मालकीची घरे बहुधा या राखीव पट्ट्याच्या मागे असतात. वाळू मात्र सर्वांची असते, त्यामुळे ‘खासगी समुद्रकिनारा’ हे माहितीपत्रकातले शब्द फारसे मनावर घेऊ नयेत.

कोणत्या बाजूचा किनारा निवडावा, यात वाऱ्याचे मत आपल्या मताहून मोठे ठरते. जून ते सप्टेंबर या तिथल्या थंडीच्या महिन्यांत आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्यावर सतत आदळत असतात. अनाहिता या तिथल्या रिसॉर्ट वसाहतीच्या परिसरातले सरोवरासारखे शांत निळे पाणी देखणे आहे, पण त्या दिवसांत व्हरांड्यात निवांत बसणे कठीण होते. उत्तरेला ग्रां बे येथे दुकाने, रेस्टॉरंट आणि गर्दी, सगळेच भरपूर आहे. दक्षिणेकडचे बेल ऑम्ब्र हिरवेगार, पण सर्वांत एकाकी. आमचे मन पश्चिमेवर बसले. ल मॉर्नच्या डोंगरापासून फ्लिक आं फ्लाकपर्यंतचा तो किनारा तुलनेने कोरडा आणि वाऱ्याच्या आडोशाला आहे, शिवाय सूर्यास्त समोर होतो. जवळच कॅस्केव्हेल हे मराठी वस्तीचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणासह मुंबई इलाख्यातून इथे आलेल्या मजुरांचे वंशज घरी क्रिओल ही फ्रेंच वळणाची बोली बोलतात, पण गणेशोत्सव निष्ठेने करतात. गणेश चतुर्थीला तर देशभर सार्वजनिक सुटी असते.

घर नवे नसेल, तर लोखंडाकडे पाहावे. ब्लॅक रिव्हरजवळ पाहिलेल्या एका व्हिलाला नुकताच पांढराशुभ्र रंग दिलेला होता, पण समुद्राकडच्या खिडकीची बिजागरी बोटाने घासताच तांबूस भुकटी हाताला लागली आणि वादळासाठीचे शटर अर्ध्यावर येऊन अडकले. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत इथे चक्रीवादळांचा हंगाम असतो, तेव्हा हे शटर शोभेचे नव्हे. सगळी शटर आपल्यासमोर बंद करून दाखवायला सांगावे. कोरड्या हंगामाच्या अखेरीस नळाला पाणी अनेकदा ठरावीक वेळीच येते, म्हणून साठवणटाकी किती लिटरची आहे तेही विचारावे.

पैशाचा हिशेब मुंबईतच करून निघावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे परवान्याच्या किमतीचे घर एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसत नाही. जवळच्या नातेवाइकांच्या मर्यादा एकत्र करता येतात, पण बांधकामाधीन घराचे हप्ते या चौकटीत कसे बसतात, ते बँकेकडून लेखी घ्यावे. वर्षभरात १० लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ जमा केला जाणारा कर, घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकून राहते. परदेशातले घर विवरणपत्रात दरवर्षी दाखवावेही लागते.

खरेदीखत नोटरीसमोर होते, आणि तिथला नोटरी म्हणजे शिक्का मारणारा वकील नव्हे. व्यवहाराची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असते. मसुदा बहुधा फ्रेंचमध्ये असतो, तेव्हा विक्रेत्याने सुचवलेल्या नोटरीखेरीज आपला स्वतंत्र नोटरी नेमावा आणि नोंदणी शुल्कासह एकूण खर्चाचा आकडा आधी कागदावर घ्यावा. त्याच बैठकीत वारसाचा विषयही काढावा, कारण तिथल्या स्थावर मालमत्तेला तिथला, फ्रेंच वळणाचा वारसाकायदा लागू होतो: एक अपत्य असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश वाटा मुलांसाठी राखीव राहतो. भारतात केलेल्या मृत्युपत्राने तो बदलता येत नाही. मेहुण्यांनी सध्या पश्चिमेकडची दोन घरे यादीत ठेवली आहेत आणि ती फेब्रुवारीत, भर पावसावादळाच्या दिवसांत, पुन्हा पाहायचे ठरले आहे.